लोकरीला कसर लागू नये म्हणून

होळीच्या आसपास थंडी ओसरली की घरोघरी स्वेटर, शाली, मफलर, कानटोप्या गोळा होतात आणि माळ्यावरच्या बॅगेत नाहीतर कपाटाच्या सगळ्यांत वरच्या कप्प्यात जाऊन बसतात. वर चार डांबराच्या गोळ्या टाकल्या की काम झालं, असं आपण धरून चालतो. मग गारठा पडेपर्यंत तिकडे कोणी फिरकत नाही. डिसेंबरात बॅग उघडावी तर आईच्या शालीला भोकं पडलेली असतात, तीही घडी उलगडत जावी तशी एकामागोमाग एक, कारण अळी घडीतून आरपार गेलेली असते.

हिमाचलात किंवा काश्मीरमध्ये लोकरीचा कपडा वर्षातले निम्मे दिवस अंगावर असतो. आपल्याकडे थंडी जेमतेम दोन-अडीच महिन्यांची. म्हणजे मराठी घरातली लोकर वर्षातले नऊ-दहा महिने अंधारात, घडीत आणि बंद असते, आणि त्यातले चार महिने पावसाळ्याचे. कसरीला याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही. म्हणून कोणता वास ठेवावा हा प्रश्न मी दुय्यम मानते. कपडा ठेवताना तो कसा होता आणि ठेवल्यावर आपण त्याला किती वेळा हात लावला, यावरच बहुतेक सगळं ठरतं.

खातं कोण?

लोकर खाणारा पतंग अगदी लहान असतो. पंख मिटलेले असताना तांदळाच्या दाण्याएवढा, फिकट सोनेरी रंगाचा. पण हा पतंग स्वतः काहीच खात नाही, त्याचं तोंड खाण्याच्या कामाचंच नसतं. दोन-तीन आठवड्यांच्या आयुष्यात मादी साधारण ४० ते ५० अंडी घालते, तीही लोकरीच्या धाग्यांमध्ये, नुसत्या डोळ्यांना जवळपास दिसणार नाहीत इतकी बारीक. उबदार हवेत चार ते दहा दिवसांत त्यातून अळ्या निघतात आणि खाण्याचं काम या अळ्या करतात. पांढुरक्या अंगाची, तपकिरी डोक्याची अळी वाढून सेंटीमीटरभराची होते. हवा उबदार आणि दमट असेल तर दीड-दोन महिन्यांत तिचा पतंग होतो. खाणं कमी आणि हवा थंड असेल तर हीच वाढ दोन वर्षांपर्यंत रेंगाळू शकते. त्यामुळे गेल्या वर्षी काही दिसलं नाही, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

लोकर, केस, पिसं, नखं हे सगळं केराटिन नावाच्या प्रथिनाचं बनलेलं असतं. फार थोड्या जिवांना ते पचतं. या अळीला पचतं. मात्र स्वच्छ, कोरी लोकर तिलाही पुरेसं अन्न होत नाही. तिला वाढायला लागणारे क्षार आणि जीवनसत्त्वं कपड्यावरच्या घामात, अंगाच्या तेलात, सांडलेल्या चहात किंवा आमटीच्या डागात मिळतात. भोकं बहुधा गळ्याशी, मनगटाशी, काखेत आणि पोटावर पडलेली असतात ती याचमुळे. एकदाच अंगावर घेऊन ‘कुठे मळलीय’ म्हणून तशीच घडी घातलेली शाल अधिक धोक्यात असते. रोज वापरून, धुऊन ठेवलेल्या जुन्या स्वेटरला तेवढी भीती नाही.

आणखी एक गोष्ट नीट कळली तर बरीच घबराट वाचेल. हा पतंग उजेडाला भितो. ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालणारी पाखरं बहुतेक वेळा स्वयंपाकघरातल्या रव्यातून किंवा तांदळातून आलेली असतात, त्यांचा स्वेटरशी संबंध नाही. कपाट उघडल्यावर फडफडत अंधाऱ्या कोपऱ्याकडे पळणारं इवलंसं पाखरू दिसलं तर मात्र सावध व्हा. तो बहुधा नर असतो. मादी फारशी उडत नाही, घडीतच सरपटत राहते.

मुंबईत आणि कोकणात भिंतीवर, पंख्याच्या खाली किंवा बाथरूमच्या कोपऱ्यात राखाडी रंगाची, चपटी, दोन्ही टोकांना निमुळती, भोपळ्याच्या बीसारखी दिसणारी पिशवी चिकटलेली असते. थोडा वेळ टक लावून पाहिलं तर तिच्या टोकातून एक बारीक तपकिरी डोकं बाहेर येतं आणि ती पिशवी सरकू लागते. लोक तिला मातीचा कण समजून केरसुणीने बाजूला करतात. ती लोकर खाणाऱ्या पतंगांच्याच कुळातली अळी आहे. जाळ्या, मेलेले किडे आणि गळलेले केस यांवर तिचं भागतं, पण हाताशी लोकर आली तर तीही ती सोडत नाही. भिंतीवर अशा पिशव्या दिसू लागल्या की कपाटातल्या लोकरीची तपासणी त्याच आठवड्यात करावी.

दुसरा खाणारा म्हणजे एक छोटा भुंगेरा, दोन ते चार मिलिमीटरचा, गोलसर आणि ठिपकेदार. प्रौढ भुंगेरे फुलांतले पराग खातात आणि उजेडाकडे जातात, म्हणून ते खिडकीच्या चौकटीत मेलेले सापडतात. त्यांच्या अळ्या तपकिरी, केसाळ असतात आणि कपाटात त्यांच्या टाकलेल्या काती मिळतात. खाणारा कोण, हे खुणांवरून ओळखता येतं. कपड्यावर रेशमासारखं पातळ जाळं, चिकटलेल्या नळ्या आणि वाळूसारखे बारीक दाणे असतील तर ती पतंगाची अळी. हे दाणे म्हणजे तिची विष्ठा. त्यांचा रंग खाल्लेल्या कपड्याचा असतो: लाल शालीवर लाल, हिरव्या स्वेटरवर हिरवा. म्हणून ते पटकन लक्षात येत नाहीत. पांढऱ्या कागदावर कपडा झटकला की दिसतात. जाळं नाही आणि भोकांच्या कडा स्वच्छ आहेत, तर तो भुंगेरा. उपाय दोघांनाही तेच लागू पडतात.

शोध कपाटाबाहेरही घ्यावा

कपाट चकचकीत आणि तरी दरवर्षी कसर, अशी तक्रार असते तेव्हा मूळ बहुधा दुसरीकडे असतं. शहरातल्या घरांत पहिला संशय कबुतरांवर घ्यावा. एसीच्या बाहेरच्या युनिटखाली किंवा बंद खिडकीच्या सज्जावर जुनं घरटं असेल तर त्यातल्या पिसांवर पतंगही वाढतो आणि भुंगेराही, आणि तिथून दोघेही फटीतून आत येतात. अंडी-पिल्लं नसताना ते घरटं काढून जागा धुऊन घ्यावी आणि जाळी लावावी. काढताना तोंडाला मास्क हवाच.

मग देवघर. लोकरीचं आसन वर्षानुवर्षं एकाच जागी असतं, त्याच्या खालून केरसुणी फिरत नाही. ज्या घरांत सोवळ्याची धाबळी अजून आहे तिथे ती धुवायची वेळ क्वचित येते आणि ती दांडीवर किंवा पेटाऱ्यात एकटी राहते. दोन्हींकडे अधूनमधून नजर टाकायला हवी. गालिच्याचा सोफ्याखाली दबलेला भाग, जुन्या कोटाच्या खांद्यातलं अस्तर, भिंतीवर टांगलेला काश्मिरी नमदा या ठरलेल्या जागा. आणि घरात हार्मोनियम असेल तर तीही उघडून बघा. आतल्या पट्ट्यांखाली लोकरीचं फेल्ट असतं. पेटी महिनोन्महिने वाजवली नाही की कसर त्यात शिरते आणि मग सूर आपोआप वाजत राहतो किंवा हवा गळू लागते. रोज वाजणाऱ्या पेटीला हे दुखणं सहसा होत नाही.

केसांचे पुंजके, विशेषतः घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर, कपाटामागे आणि पलंगाखाली साठतात. लोकर नसली तरी अळीचं त्यावर भागतं. तिथे महिन्यातून एकदा व्हॅक्यूम क्लीनर किंवा निदान फडकं बांधलेली काठी फिरली पाहिजे.

ठेवण्याआधी धुणं

ज्याला हात लागला तो प्रत्येक लोकरी कपडा ठेवण्याआधी स्वच्छ व्हायला हवा. एकदाच घातला असला तरी. यात सूट नाही.

लोकर धुवायला आपल्याकडे रिठ्यासारखी वस्तू असताना दुसरं काही शोधायची गरज पडू नये. आठ-दहा रिठे फोडून बिया काढाव्यात, टरफलं दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावीत, सकाळी दहा मिनिटं उकळून, कुस्करून गाळून घ्यावीत. कोमट झालेल्या या पाण्यात दोन-तीन स्वेटर आरामात निघतात. कपडे धुण्याची नेहमीची पावडर इथे वापरू नये, त्याला कारण आहे. तिच्यात क्षार जास्त असतो, आणि डाग काढण्यासाठी प्रथिनं फोडणारी एन्झाइम्स घातलेली असतात. लोकर स्वतःच प्रथिन आहे. अळी करते तेच काम थोड्या प्रमाणात ही पावडर करते. रिठा मिळाला नाही तर लोकरीसाठीचा म्हणून मिळणारा द्रव साबण वापरावा.

पाणी कोमट, आणि खळबळताना घेतलेलं पाणीही तितकंच कोमट. गरमातून एकदम गारात टाकून चोळलं की लोकर आटते आणि जाड होते. कपडा दाबून-दाबून धुवावा, घासू नये. शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घातलं तर साबणाचा अंश उतरतो. पिळायचा नाही. जाड टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळी करावी आणि तळहाताने दाबावी, पाणी टॉवेलमध्ये जातं. मग खाटेवर किंवा जाळीच्या स्टँडवर आडवा वाळवावा. दोरीवर टांगलेला ओला स्वेटर स्वतःच्या वजनाने गुडघ्यापर्यंत लोंबतो, हे ज्यांनी हाताने विणलंय त्यांना सांगायला नको.

पश्मीना, जरीकाम असलेली शाल, सूट आणि कोट ड्रायक्लीनिंगला द्यावेत. त्या प्रक्रियेत अंडी आणि अळ्याही मरतात. परत आलेला कपडा प्लॅस्टिकच्या झुळझुळीत पिशवीतून काढून दिवसभर हवेशीर ठेवावा आणि मगच घडी घालावी.

आता वाळण्याबद्दल. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा पिऊन घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. संध्याकाळी दोरीवरून काढलेला स्वेटर कोरडा वाटतो, पण त्यात बराच ओलावा असतो. तो तसाच बंद केला की कसरीआधी बुरशी येते. म्हणून धुऊन वाळल्यावर पुन्हा एक दिवस ऊन दाखवावं, घरात आणून थंड होऊ द्यावं आणि मगच आत ठेवावं.

ऊन आणि ब्रश

लोकरी कपड्यांना ऊन दाखवायची आपली पद्धत फार शहाणपणाची आहे. उजेड पडला की अळ्या घडी सोडून पळतात, ऊब वाढली की अंडी तग धरत नाहीत, आणि घड्या मोडल्याने त्यांची जाळी तुटतात. यातलं घड्या मोडणं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. कसरीला शांतता लागते.

ऊन सकाळचं, दोन-तीन तासांचं पुरे. दुपारच्या कडक उन्हात दिवसभर टाकलेल्या शालीचे रंग उडतात, पांढरी लोकर पिवळी पडते आणि धागा कमजोर होतो. कपडा उलटा करावा आणि रंग नाजूक असेल तर वर जुनं धोतर पसरावं. मग ब्रश फिरवावा: शिवणी, कॉलरच्या आतली बाजू, खिशांची टोकं, बटणपट्टीच्या मागची बाजू, काठाची दुमड. अंडी धाग्याला फार घट्ट चिकटलेली नसतात. मऊ दातांच्या ब्रशने ती फुटतात किंवा गळून पडतात. हे काम बाल्कनीत किंवा गच्चीवर करावं, खोलीत नाही.

वेळापत्रक आपल्या हवामानानेच आखून दिलंय. होळीनंतर धुऊन ठेवणं. मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, एकदा सगळं बाहेर काढून ऊन आणि ब्रश. पावसाळ्यात पिशव्या उघडू नयेत, कारण दमट हवा आत जाते. ऑक्टोबरचं ऊन तापलं की, दसरा-कोजागरीच्या सुमारास, पुन्हा एकदा. म्हणजे वर्षातून दोन सकाळी. एवढ्यात ज्या घराचं भागलं नाही असं घर मी अजून पाहिलेलं नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्याचा आणखी एक उपयोग आहे. पतंगाची अंडी, अळ्या, कोष सगळं ५० अंशांच्या वर अर्ध्या तासात मरतं. पूर्ण कोरडा कपडा काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सैल ठेवून, तोंड बांधून गच्चीवरच्या तापलेल्या फरशीवर दुपारी ठेवला तर आतलं तापमान तिथवर सहज चढतं. थर पातळ हवा, मध्येच पिशवी उलटावी, आणि चार-पाच तास तरी राहू द्यावी, कारण जाड लोकरीच्या पोटात उष्णता सावकाश शिरते. सोलापुरी उन्हात जाड घोंगड्याला हा उपाय उत्तम. रेशीम मिसळलेल्या किंवा जरीच्या शालीला करू नये.

घडी, कापड, पिशवी

अळीला सूत पचत नाही. म्हणून धुऊन मऊ झालेल्या सुती साडीत किंवा धोतरात लोकर गुंडाळायची जुनी रीत बरोबर आहे, पण गाठोडं घट्ट आणि कडा आत दुमडलेल्या हव्यात. नुकती अंड्यातून निघालेली अळी इतकी बारीक असते की सैल दुमडीतून ती सहज आत जाते. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा कोरड्या गावांत सुती गाठोडं आणि वर झाकण घट्ट बसणारी पत्र्याची ट्रंक पुरते. जुन्या ट्रंकेला काठाशी पोचा आला असेल तर तो ठोकून सरळ करून घ्यावा.

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात मी झिपची जाड पिशवी सुचवेन. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी कपडा भरावा, हवा दाबून काढावी, सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या टाकाव्यात आणि पाऊस संपेपर्यंत उघडू नये. इथे प्लॅस्टिक वाईट आणि कापड चांगलं असा सरसकट नियम चालत नाही. ओलसर लोकर प्लॅस्टिकमध्ये सडते, खडखडीत कोरडी लोकर प्लॅस्टिकमध्ये सुरक्षित राहते. ट्रॉली-बॅगेवर भिस्त ठेवू नका. तिच्या चेनच्या दातांतून अळी जाते, आणि प्रवासातून आलेली माती व केस तिच्या अस्तरात असतातच.

लोकरीच्या गाठोड्यात वर्तमानपत्रं घालू नयेत. शाई उतरते आणि कागदाला झुरळं येतात.

वासाचे उपाय: किती खरे?

आपल्या आज्या कपड्यांत वेखंड, कापूर, लवंगा, कडुनिंबाचा पाला, वाळा असं काय काय ठेवत. यातलं काहीही अंगावर बसलेली अळी मारून टाकेल अशा भरवशावर राहू नये. तीव्र वासामुळे मादी अंडी घालायला दुसरी जागा बघते, एवढंच त्यांचं मुख्य काम आहे. वास उडाला की राखणही संपली. म्हणून हे सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा ट्रंकेत, आणि आधीच स्वच्छ असलेल्या कपड्यांबरोबरच ठेवावं.

यात माझा कौल वेखंडाला. त्याचे कंद वासाला उग्र असतात आणि हा वास महिनोन्महिने टिकतो. त्यातल्या बीटा-असारोन या घटकाने धान्यातल्या किड्यांच्या प्रजननावर परिणाम होतो, हे प्रयोगशाळेतही दिसलेलं आहे. काष्ठौषधीच्या दुकानातून अख्खे तुकडे घ्यावेत, पूड नको. ती लोकरीत शिरली की झटकून निघत नाही. चार-पाच तुकडे जाडसर ठेचून मलमलीच्या पुरचुंडीत बांधावेत आणि घड्यांच्या मधोमध ठेवावेत. दसऱ्याला पुरचुंडी बदलावी.

कापूर चालतो, पण तो भीमसेनी असला तर बरा, आणि पुरचुंडीत. कपड्याला थेट लागू देऊ नये. तो झपाट्याने उडून जातो, उघड्या कपाटात ठेवलेली वडी काही आठवड्यांतच नाहीशी होते. लहान मूल असलेल्या घरात मात्र कापूर हाताला लागेल असा मुळीच ठेवू नका. तो पोटात गेला तर मुलांना झटके येतात. तंबाखूची पानं ठेवायची जुनी चाल मी सोडून द्या म्हणेन. डाग पडतात, वास जात नाही आणि निकोटिन विषारी आहे.

कडुनिंबाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण त्याच्यावर लोकांचा विश्वास सगळ्यांत जास्त आहे. कडुनिंब कीटकांना रोखतो हे खरंच आहे. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाडीने सगळी हिरवळ फस्त केली, तेव्हा कडुनिंबाची झाडं मात्र शाबूत राहिली. ही गोष्ट हाइनरिख श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाच्या नजरेत भरली. पुढे १९६८ मध्ये त्यातला अझाडिरॅक्टिन हा मुख्य घटक वेगळा काढला गेला. पण हा घटक प्रामुख्याने निंबोळीच्या बीमध्ये असतो, पानात फार थोडा. शिवाय तो परिणाम करतो खाणाऱ्याच्या पोटात गेल्यावर. टोळ पान खायला जातो. कसरीची अळी मात्र शेजारी पडलेला पाला सोडून लोकरच खाते, आणि पाल्यातला कडूपणा लोकरीत उतरत नाही. तेव्हा कडुनिंबाची पानं ठेवायची तर ठेवा, पण सावलीत वाळवून चुरचुरीत झालेली. ओला पाला ठेवला तर त्याच्या ओलाव्याने कपड्याला बुरशी येते.

‘पाच’ नावाची पानं मात्र आपण विसरलो आहोत. वेणी-गजऱ्यात मरव्याबरोबर माळली जाणारी ही सुवासिक पानं म्हणजेच जगभर पॅचुली म्हणून ओळखली जाणारी वनस्पती. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जात तेव्हा कसर लागू नये म्हणून त्यांच्या घड्यांत ही वाळलेली पानं घालत. तिथल्या ग्राहकांना हा वास इतका ओळखीचा झाला की त्याच्यावरूनच शाल अस्सल आहे की नाही हे ठरवलं जाई. घराच्या अंगणात किंवा कुंडीत पाच असेल तर पानं वाळवून वेखंडाच्या पुरचुंडीत मिसळा. वाळल्यावर तिचा वास ओल्या पानापेक्षा अधिक उग्र होतो.

हल्ली ऑनलाइन मिळणारे सीडरचे गोळे आणि तुकडे बहुधा अमेरिकेतल्या लाल सीडरचे असतात, आपल्या हिमालयातल्या देवदाराचे नव्हेत. ताज्या लाकडातलं तेल बंद पेटीत लहान अळ्यांना त्रास देतं, मोठ्या अळ्यांना फारसा नाही. वर्षाभरात तेल उडतं. मग तुकड्यावर पॉलिश पेपर घासला की वास परत येतो. त्यावर पैसे खर्च करावेत इतकं मला ते आवश्यक वाटत नाही.

डांबराच्या गोळ्या का नकोत

डांबराची गोळी म्हणजे नॅप्थलीन. हवाबंद डब्यात तिची वाफ दाट साठली तर ती पतंग मारते हे खरं. पण आपण ती सतत उघडझाप होणाऱ्या कपाटात ठेवतो. तिथे वाफ साठत नाही, अळी जगते आणि वाफ आपल्या नाकात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये नॅप्थलीनची नोंद माणसाला कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत केली. युरोपीय महासंघाने २००८ मध्ये या गोळ्यांवर बंदी घातली.

याहून तातडीची गोष्ट बाळांची आहे. जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता काही मुलांमध्ये जन्मतः असते आणि भारतातल्या काही समाजांत ती बऱ्यापैकी आढळते. अशा बाळाच्या अंगात नॅप्थलीनची वाफ गेली तर तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि कावीळ गंभीर होते. बाळाला ही कमतरता आहे हे बहुतेक घरांत माहीतच नसतं. आजीने विणून वर्षभर गोळ्यांत जपलेलं टोपरं आणि स्वेटर बारशाला थेट बाळाच्या अंगावर चढतं, आणि त्या प्रेमाच्या वस्तूतून हे विष पोचू शकतं. बाळाचे लोकरी कपडे कधीही या गोळ्यांत ठेवू नका. ठेवले गेले असतील तर धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत उघड्यावर ऊन-वाऱ्यात ठेवा, आणि वास येतोय तोवर बाळाच्या जवळही नेऊ नका.

कसर लागलीच तर

लागलेला कपडा ताबडतोब पिशवीत बांधावा, घरभर झटकत फिरू नये. त्याच्या शेजारचे सगळे लोकरी कपडे, भोकं दिसोत वा न दिसोत, लागलेलेच समजावेत. कपाट रिकामं करून कोपरे, फळ्यांच्या फटी, बिजागऱ्यांमागची जागा व्हॅक्यूमने काढावी. क्लीनरची पिशवी लगेच बांधून बाहेर टाकावी, नाहीतर अंडी तिथे उबतील. मग गरम साबणाच्या पाण्याने पुसून कपाट दिवसभर उघडं वाळू द्यावं.

कपड्यासाठी सगळ्यांत खात्रीचा आणि निर्धोक उपाय म्हणजे फ्रीझर. जगभरची वस्तुसंग्रहालयं जुन्या वस्त्रांतली कीड मारायला गोठवण्याचीच पद्धत वापरतात. कोरडा कपडा जाड पिशवीत घालून हवा काढून बंद करावा आणि उणे १८ अंशांवर पूर्ण दोन आठवडे ठेवावा. दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजचा फ्रीझर सहसा एवढा थंड असतो. एका दाराच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यावर विसंबू नये, दार उघडलं की तिथलं तापमान चढतं. बाहेर काढल्यावर पिशवी आणखी एक दिवस बंदच राहू द्या. लगेच उघडलीत तर गार लोकरीवर हवेतलं पाणी धरतं. त्यानंतर ऊन, ब्रश, धुणं. जाड कोट किंवा घोंगडं फ्रीझरमध्ये मावत नाही, त्याला काळ्या पिशवीचा किंवा ड्रायक्लीनिंगचा मार्ग.

घोंगड्याचं एक वेगळं आहे. दख्खनी मेंढीच्या लोकरीचं, खड्डामागावर विणलेलं घोंगडं विणण्याआधी त्याच्या ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते. नव्या घोंगड्यात ही खळ बरीच असते आणि दमट जागी तिला बुरशीही धरते आणि किडेही येतात. म्हणून नवं घोंगडं घेतल्यावर ते माळ्यावर टाकण्याऐवजी अंथरायला, पांघरायला काढा. धनगरांच्या खांद्यावरचं घोंगडं ऊन-पाऊस-वारा खात वर्षानुवर्षं टिकतं आणि शोभेसाठी घेऊन गुंडाळून ठेवलेलं पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात खराब होतं. रोज वापरणार नसाल तर दिवाणावर पसरून ठेवा आणि आठवड्याला एकदा झटका. घडीपेक्षा ते बरं.

पडलेली भोकं बुजवता येतात. लोकर जपणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गावातला चांगला रफूवाला माहीत करून ठेवावा. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगर पश्मिन्याच्या कामासाठी नावाजलेले आहेत. पण मफलर-स्वेटरसाठी आपल्या बाजारपेठेतला कारागीर पुरतो. त्याला त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतला धागा काढून दिला तर रंग तंतोतंत जुळतो. मात्र कपडा त्याच्याकडे नेण्याआधी फ्रीझरचे दोन आठवडे पूर्ण करा. त्याच्या दुकानात दुसऱ्यांच्या शाली रचलेल्या असतात, आपली कसर त्यांत जायला नको.